सिमेंटमध्ये कोंडलेले शिसे

पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात पाणी ठेवले तर राहते. ताक ठेवले की कळकते. वसतिगृहात पंगतीला बसलेल्या आम्हां सर्वांना हे ठाऊक आहे. भांडे तेच, धातू तोच. ताकातील आम्ल त्याला बाहेर काढते. कारखान्यांतील विषारी गाळाची गोष्ट येथूनच सुरू होते, मात्र ती येथे संपत नाही.

धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्यांचा, जुन्या बॅटऱ्यांतील शिसे वितळवणाऱ्या भट्ट्यांचा गाळ चुना व सिमेंट मिसळून घट्ट करतात आणि अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरतात. सिमेंटमध्ये घातले म्हणजे धातू कायमचा कोंडला, असा समज आहे. तो अपुरा आहे.

चुन्याने सामू वाढतो, धातूंची हायड्रॉक्साइडे बनतात व ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत. परंतु शिसे आणि जस्त उभयधर्मी आहेत. सामू ९ ते १० च्या आसपास ती सर्वांत कमी विरघळतात. आम्लात विरघळतात तशीच, सामू १२ च्या वर गेला की पुन्हा विरघळू लागतात. कॅडमिअमला मात्र ११ च्या जवळचा सामू मानवतो. एकाच पंगतीत सर्वांना रुचेल असा सामू नाही.

आपल्याकडील २०१६ च्या घातक कचरा नियमांत झिरपणाऱ्या शिशाची मर्यादा लिटरमागे ५ मिलिग्रॅम आहे. चाचणीत कचऱ्याचे बारीक तुकडे वीसपट वजनाच्या सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात सुमारे १८ तास घुसळतात. गंमत अशी की, कचऱ्यातलाच चुना या आम्लाला मारतो. अखेरीस सामू ९-१० वर स्थिरावला, तर शिसे जवळजवळ बाहेरच येत नाही आणि नमुना उत्तीर्ण होतो. तोच ठोकळा साध्या पाण्यात ठेवला, तर सामू १२ च्या पुढे जाऊन शिसे अधिक निघू शकते. म्हणून अहवालात अखेरचा सामू पाहिल्यावाचून ‘उत्तीर्ण’ या शब्दाला आम्ही फारसे मोल देत नाही.

पुढे वर्षे जातात. हवेतील कार्बन डायऑक्साइड सिमेंटमध्ये शिरून सामू हळूहळू उतरवतो.

षट्संयोजी क्रोमियमची तऱ्हा आणखी निराळी. चुन्याच्या पाण्यातही ते विरघळलेलेच राहते. म्हणून सिमेंटपूर्वी फेरस सल्फेट घालून त्याला त्रिसंयोजी करावे लागते. कानपूरजवळ राणिया येथे उघड्यावर टाकलेल्या क्रोमियमच्या कचऱ्यातून ते भूजलात उतरले. क्रोमियम पुरेसे असले तर पाणी पिवळे तरी दिसते. शिशाने पाण्याचा रंग बदलत नाही. विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत नेल्यावरच ते कळते.