घरची भाषा आणि स्वमग्न मूल

बालरोगतज्ज्ञ म्हणून आजवर दिलेले बहुतेक सल्ले मी विसरून गेलो आहे. एक मात्र विसरता येत नाही, आणि म्हणूनच त्याविषयी या स्मरणिकेत लिहावे असे ठरविले.

सुमारे वीस वर्षांपूर्वी वडोदऱ्यातील एक मराठी दांपत्य आपल्या साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. नावाने हाक मारली तरी तो वळून पाहत नसे, बोटाने काही दाखवीत नसे, खेळण्यातल्या मोटारीची चाके मात्र तासन्‌तास फिरवीत बसे. श्रवणशक्तीची तपासणी झाली होती. ती उत्तम होती. स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे निदान झाले. घरात मराठी, शेजारी गुजराती आणि बालवाडीत इंग्रजी आहे असे कळल्यावर मी म्हणालो, "तीन भाषांचे ओझे या मुलाला झेपणार नाही. घरातही इंग्रजीच बोला." त्या काळी हा सल्ला सर्रास दिला जाई. मीही तो कोणताही आधार न शोधता दिला.

आईवडिलांनी तो निष्ठेने पाळला. वर्षभराने मुलाला ताप आला, तेव्हा त्याची आजी त्याला घेऊन आल्या. तपासणी झाल्यावर त्या दारापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, त्याला बोलता येईना म्हणून तुम्ही मलाही गप्प बसवलंत." आजींना इंग्रजी येत नव्हते. नातवाला न्हाऊ घालताना, भरवताना, झोपवताना त्या वर्षभर जवळजवळ मुक्या राहिल्या होत्या. त्या दिवसापासून मी या प्रश्नाचा अभ्यास करू लागलो.

प्रथम 'स्वमग्न' या शब्दाविषयी. 'ऑटिझम' ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडविली, तीही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. पुढे १९४३ मध्ये बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करताना ती वापरली आणि ती या अवस्थेला कायमची चिकटली. मराठी प्रतिशब्द नेटका आहे, पण तो दिशाभूलही करतो. मूल स्वतःतच रमले आहे, त्याला आपली गरज नाही, असे तो सुचवितो. वस्तुतः ही मेंदूच्या विकासातील जन्मजात भिन्नता आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन निकषांनुसार तिची लक्षणे दोन गटांत मोडतात. पहिला गट सामाजिक संवादातील अडचणींचा. दुसरा ठराविकपणाचा, पुनरावृत्तीचा, आणि आवाज, स्पर्श, प्रकाश यांविषयीच्या अतितीव्र वा अतिमंद प्रतिसादाचा. गणेशोत्सवात आरती सुरू होताच कान झाकून किंचाळणारे मूल हट्टी नसते; झांजांचा आवाज त्याला खरोखरच असह्य होत असतो.

संवादातील अडचण केवळ मुलाच्या बाजूने असते असेही नाही. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले की, जग वेगळ्या रीतीने अनुभवणाऱ्या दोन व्यक्ती समोरासमोर आल्या की गैरसमज दोन्हीकडून होतो. त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. आपल्या घरातले साधे उदाहरण पाहा. "पोटात कावळे ओरडताहेत" असे आपण सहज म्हणतो. असे मूल मात्र घाबरून पोटाकडे पाहू लागते. उलट, त्याला तहान लागली की ते म्हणते, "तुला पाणी हवंय का?" पाणी मिळण्यापूर्वी कानावर पडणारे वाक्य त्याने जसेच्या तसे उचललेले असते. सर्वनामांची ही अदलाबदल कॅनर यांनीही नोंदविली होती. ऐकलेले बोलणे पुन्हा उच्चारण्याच्या या सवयीला पूर्वी निरर्थक समजत आणि ती मोडू पाहत. अमेरिकन वाचातज्ज्ञ बॅरी प्रिझंट यांच्या १९८० च्या दशकातील अभ्यासांनंतर हे स्पष्ट झाले की, अशा उच्चारांमागे बहुधा काही हेतू असतो: मागणी, होकार, किंवा स्वतःला शांत करणे. हा हेतू ओळखायचा, तर मुलाने ते वाक्य कोठे व कोणाकडून ऐकले हे ठाऊक असावे लागते. ते घरच्या माणसांनाच ठाऊक असते.

आता मूळ प्रश्न. एकाहून अधिक भाषांनी मुलाचे नुकसान होते, ही समजूत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक अभ्यास तसे सांगत. परंतु त्यांत पुष्कळदा गरीब स्थलांतरितांच्या मुलांची तुलना सुस्थित एकभाषिक मुलांशी केलेली असे. १९६२ मध्ये माँट्रियल येथील एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी आर्थिक स्थिती सारखी असलेली मुले निवडली, तेव्हा द्विभाषिक मुले मागे तर नव्हतीच, बहुतेक चाचण्यांत पुढे होती. सर्वसाधारण मुलांविषयीचा समज असा बदलला, तरी स्वमग्न मुलांच्या बाबतीत आम्ही जुनाच सल्ला देत राहिलो.

कॅनडात २०१२ मध्ये ७५ स्वमग्न मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील ४५ मुले दोन वा अधिक भाषांच्या वातावरणात वाढत होती, ३० एकाच भाषेत. दोन भाषांतील मुलांना भाषेचा अधिकचा विलंब आढळला नाही. त्याच वर्षी चिनी व इंग्रजी बोलणाऱ्या कुटुंबांतील लहान स्वमग्न मुलांच्या अभ्यासातूनही असाच निष्कर्ष निघाला. हे अभ्यास छोटे आहेत, आणि त्यांत फारच कमी बोलणारी मुले थोडी आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दुसरी भाषा हा काही उपचार नव्हे. पण घरची भाषा बंद करा असे सांगण्यास पुरावा लागतो, आणि तो आपल्यापाशी नाही.

भाषा बंद केल्याने काय होते, याची मात्र थोडी कल्पना आहे. असाच सल्ला मिळालेल्या लॉस एंजेलिसमधील काही स्थलांतरित कुटुंबांचे निरीक्षण २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे मोठी माणसे मुलाशी इंग्रजीत बोलत आणि आपापसांत स्वतःच्या भाषेत. ज्याला संवाद शिकवायचा, ते मूलच घरच्या संवादाबाहेर राहिले. शिवाय परक्या भाषेत आईचे बोलणे आटते. 'बस', 'ये', 'खा' एवढ्या आज्ञा उरतात. गोष्ट, गंमत आणि लाडिक नावे गळून पडतात.

आणखी एक गोष्ट मला खुपते. स्वमग्नतेचा दोष आईच्या थंडपणाला देण्याचा एक काळ होता. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने त्या कल्पनेला बळ दिले. बर्नार्ड रिमलँड यांनी तिला १९६४ मध्येच आव्हान दिले होते. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांच्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला. तरीही "घरात मराठी बोलता, म्हणून तो बोलत नाही" असे म्हणताना आम्ही तोच दोष नव्या शब्दांत आईच्या पदरात घालत होतो.

या समजुतीचा दुसरा तोटाही तितकाच गंभीर आहे. "तीन भाषांमुळे गोंधळला असेल, थांबून पाहू" या सबबीखाली निदान लांबते. अनेक भाषांमुळे स्वमग्नता येत नाही. एक वर्षापर्यंत बाळ बडबडू वा बोटाने दाखवू लागले नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द स्वतःहून जोडले नाहीत, अथवा आलेली भाषा कोणत्याही वयात हरपली, तर न थांबता श्रवण व विकास यांची तपासणी करावी. शब्द मोजताना सर्व भाषांतील शब्द धरावेत. मूल 'दूध' म्हणते, 'पाणी' म्हणते आणि 'कार' म्हणते, तर ते तीन शब्द आहेत. केवळ इंग्रजीत मोजणारा एकच मोजील.

वाचा-उपचार गुजरातीत वा इंग्रजीत उपलब्ध असले, तरी तेथे शिकविलेली गोष्ट घरी मराठीत अवश्य करावी. चित्रपत्रिका वापरत असाल तर त्यांवर मराठी शब्द लिहावेत. चित्रांनी बोलणे खुंटते ही भीतीही निराधार आहे. वाक्ये लहान आणि स्पष्ट असावीत, आणि उत्तरासाठी थांबण्याची सवय आपण लावून घ्यावी. स्वमग्नतेचा समावेश १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे. दिव्यांगत्व प्रमाणपत्राविषयी पालकांना सांगणे हे आपले काम आहे.

'स्वीकार' हा शब्द ऐकला की काही पालकांना वाटते, डॉक्टरांनी हात टेकले. तसे नाही. शिक्षण, उपचार, प्रयत्न सारे चालूच राहते; मूल आहे तसेच घरात सामील होते, एवढाच फरक. मंडळाच्या कार्यक्रमात एखादे मूल गोल फिरू लागले, तर आईकडे रोखून न पाहता तिच्यासाठी खुर्ची पुढे करावी. स्वीकार बहुधा तेथून सुरू होतो.

त्या मुलाच्या आईवडिलांना मी बोलावून घेतले, माझा सल्ला निराधार होता असे सांगितले आणि क्षमा मागितली. घरात पुन्हा मराठी सुरू झाली. काही महिन्यांनी आई म्हणाली, "स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो आजींच्याच सुरात म्हणतो, 'हातपाय धू, पान वाढलंय.' दिवसातून दहादा. याला अर्थ नसणार ना?" मी विचारले, "केव्हा म्हणतो?" क्षणभर विचार करून ती म्हणाली, "भूक लागली की."

एका मुलावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी जाणतो. तो आज तरुण आहे. बोलतो थोडेच, पण मराठी, गुजराती आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत त्याचे काम चालते. आजी आता नाहीत. जेवणाची वेळ झाली की तो अजूनही तेच वाक्य म्हणतो, आणि घरातली माणसे हातपाय धुऊन पानावर येतात.