फोन हरवला तरी दाखले राहोत

दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, शिरूर कासार भागातून ऊसतोड टोळ्या निघतात. पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, फडावर आणि कोपीत जातात. सोबत गेलेल्या किंवा गावी हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांचे बोनाफाइड, गुणपत्रक, जातीचा दाखला, लसीकरण कार्ड, दिव्यांग प्रमाणपत्र, शिवाय शिक्षकांनी पाठवलेल्या नोट्स, हे सगळे बहुधा घरातल्या एकाच मोबाइलमध्ये असते. तो पाण्यात पडला की शिष्यवृत्तीच्या अर्जापासून दवाखान्यापर्यंत सगळे अडते.

‘व्हॉट्सअ‍ॅपवर आहे की!’ हा भरवसा खरा नाही. फोनमधून पुसलेली जुनी फाइल तिथून पुन्हा उतरवता येईलच असे नाही. मेमरी कार्डही फोनसोबतच हरवते.

पेन ड्राइव्ह स्वस्त. पण त्याचा स्वभाव ओळखून वापरावा. त्यात माहिती अतिसूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षे पडून राहिल्यास हा भार हळूहळू गळतो आणि उष्णतेने गळती वाढते. बीडचा उन्हाळा 40 अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या घरात, छताजवळच्या फळीवर ठेवलेल्या पेन ड्राइव्हची अवस्था शीतपेटीबाहेर राहिलेल्या लसीसारखी समजावी. बाहेरून पाहून काही कळत नाही. झेरॉक्सच्या दुकानात लावल्यावर व्हायरस येतो तो वेगळाच.

दाखल्यांसाठी सर्वांत भक्कम जागा म्हणजे 2015 मध्ये सुरू झालेले सरकारी डिजिलॉकर. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका त्यात थेट मिळतात. 2016 च्या नियमांनुसार, देणाऱ्या संस्थेकडून आलेला असा दस्तऐवज मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. आपण फोटो काढून चढवलेल्या कागदाला मात्र तो मान नाही. ती नुसती साठवण. आणखी एक मेख आहे. उघडताना ओटीपी जोडलेल्या नंबरवर येतो. दर हंगामाला सिम बदलणाऱ्या कुटुंबाचे लॉकर तिथेच अडते. रिचार्जविना फार दिवस राहिलेला नंबर बंद होऊन दुसऱ्याला मिळू शकतो. त्यामुळे नंबर बदलला की आधारमधली नोंद आधी बदलून घ्यावी.

नोट्स आणि प्रकल्पांसाठी गुगल ड्राइव्ह पुरते. ईमेल, फोटो आणि फाइली मिळून 15 जीबी जागा मोफत असते. व्हिडिओंनी ती लवकर भरते. दोन वर्षे न वापरलेले खाते गुगल काढून टाकू शकते. पासवर्ड वहीत लिहून ठेवण्यात कमीपणा नाही, मात्र वही घरच्यांकडे असावी, दुकानदाराकडे नव्हे. दुकानातल्या संगणकावर काम झाले की लॉगआउट करावे. ही साधी गोष्टच बहुतेक जण विसरतात.

आणि कागदाला अजून पर्याय नाही. झेरॉक्सचा एक संच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गावी आजीच्या ट्रंकेत ठेवावा. रक्तगटाचा अहवाल आणि चालू औषधांची चिठ्ठी यांची एक प्रत मात्र टोळीसोबतच न्यावी. फडावर रात्री रेंज नसते आणि मूल आजारी पडले तर जवळच्या दवाखान्यात पहिल्यांदा हीच विचारतात.