ईम्स यांचा पाय-स्टूल : क्रमांक ६७१

रचनाकार : चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी दांपत्य

बाजारात : १९५६, हर्मन मिलर कंपनीमार्फत, ६७० क्रमांकाच्या आरामखुर्चीच्या जोडीने

आकार : रुंदी सुमारे ६६ सेंमी, खोली ५५ सेंमी, उंची ४४ सेंमी

कवच : लाकडाचे पातळ पापुद्रे गोंदाने चिकटवून, उष्णता आणि दाब देऊन वळवलेले प्लायवुड. सुरुवातीला पाच थर असत, आता सात असतात.

वरचा पापुद्रा : आधी ब्राझिलियन रोझवुडचा. या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२मध्ये कडक बंदी आली. आता अक्रोड, चेरी अशी लाकडे वापरतात.

गादी : चामड्याची, बटणांनी आवळलेली. पूर्वी आत पिसे भरत, पुढे फोम आला.

पाय : ओतीव ॲल्युमिनिअमचे. स्टुलाला चार, खुर्चीला पाच.

जोडी कशासाठी? : खुर्चीची बैठक मुळातच मागे कललेली असते. पाय लोंबकळत राहिले तर मांड्यांखाली दाब येतो. पाय स्टुलावर टेकले की तो भार हलका होतो. खुर्चीची बैठक आणि स्टूल यांची मापे सारखीच असल्याने दोन्ही एकाच घडणीचे दिसतात.

भारताशी नाते : भारत सरकारच्या निमंत्रणावरून ईम्स दांपत्याने १९५८मध्ये ‘इंडिया रिपोर्ट’ सादर केला. त्याच्या आधारे १९६१मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.