मुलाखतीत गॅपबद्दल विचारले तर काय सांगावे?



"पोरगी डी.एड. करून घरीच बसली आहे," असे आपण सहज बोलून जातो. पुढे तीच मुलगी मुलाखतीला जाते. "मधली पाच वर्षे काय केले?" या प्रश्नावर ती मान खाली घालून सांगते, "घरीच होते." आणि मुलाखत तिथेच संपते.

आता जरा विचार करा. आपल्या भंडारा जिल्ह्यातील अनेक डी.एड., बी.एड. झालेल्यांचा गॅप त्यांच्या आळसामुळे पडलेला नाही. २०१२ मध्ये राज्यात शिक्षक भरती थांबली. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी पहिल्यांदा झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये, आणि दुसरी थेट २०२३ मध्ये! नागपूरच्या खाजगी कंपनीतील साहेबांना हे माहीत असेलच असे नाही. म्हणून ते उमेदवारानेच एका वाक्यात सांगायला हवे.

गॅपबद्दल विचारणाऱ्याच्या मनात तीन शंका असतात. काम का थांबले? त्या काळात काय केले? आणि आता हा उमेदवार टिकेल का? उत्तरही याच क्रमाने द्यावे. उदाहरणार्थ :

"२०१९ ते २०२२ मी नोकरी केली नाही. सासूबाईंना लकवा झाला होता, त्यांचे सगळे मीच पाहत होते. संध्याकाळी गावातल्या मुलांची शिकवणी घेत होते. आता त्या बऱ्या आहेत, मी पूर्ण वेळ येऊ शकते."

बस, एवढे पुरे. रडगाणे नको आणि सरकारला दोष देत बसणेही नको. आजारपण किंवा घरची अडचण सविस्तर सांगायची नसेल तर "घरची जबाबदारी होती, आता ती राहिली नाही," एवढेच म्हणावे.

एमपीएससीची तयारी करणाऱ्यांना एक शंका हमखास विचारतात : "परीक्षा निघाली तर सोडून जाल ना?" पुन्हा परीक्षा द्यायची नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. द्यायची असेल तर खोटा शब्द देऊ नये.

काही जण गॅप झाकायला बायोडाटात तारखा वाढवतात. तसे मुळीच करू नका. आधी पीएफ कापला जात असेल तर नोकरी कधी लागली, कधी सुटली हे यूएएन खात्यात दिसते. अनुभव प्रमाणपत्राचीही चौकशी होते. गॅपमुळे नोकरी मिळेलच नाही असे नसते, पण खोटेपणा उघड झाला तर लागलेली नोकरीही जाते.

"मी तर फक्त शेतीच केली," असे मुले म्हणतात. अहो, धानाच्या रोवणीला मजूर जमवणे, त्यांची मजुरी चुकती करणे, खर्चाचा हिशेब ठेवणे हे कामच आहे ना? जे खरोखर केले ते सांगायला लाज कसली?

शिक्षकांनी अशा माजी विद्यार्थ्यांना शाळेत बोलावून दहा मिनिटे खोटी खोटी मुलाखत घ्यावी. उत्तर पाठ करून घेऊ नका, त्यांच्याच शब्दांत येऊ द्या.

आणि पालकहो, "घरी बसली आहे" हे वाक्य आजपासून बंद करा. ती घरी काय काय करते, ते तिच्याकडून एका वहीत लिहून घ्या. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तीच वही कामी येईल.