गोल्फचं अर्थकारण : मैदानं वाढली, मग खेळ तोट्यात का गेला?



२०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या अदिती अशोकचं पदक थोडक्यात हुकलं, ती चौथी आली. त्या दिवशी अनेक घरांत पहिल्यांदाच गोल्फचा सामना पाहिला गेला. तेव्हापासून मुलं कधीकधी विचारतात, "सर, हा श्रीमंतांचा खेळ ना? मग यात पैसाच पैसा असेल!"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर तसं नाही. अमेरिकेत जगातली सर्वांत जास्त गोल्फ मैदानं आहेत, आणि तिथेच शेकडो मैदानं बंद पडली. ती का पडली हे समजून घेतलं, तर मागणी, पुरवठा आणि स्थिर खर्च या तिन्ही गोष्टी मुलांना नीट समजावता येतात.

आधी खेळाची जागा समजून घेऊ

पूर्ण गोल्फ मैदानात १८ होल असतात. होल म्हणजे १०८ मिलिमीटर व्यासाचा छोटासा खड्डा. पण एका होलपासून दुसऱ्यापर्यंत जाता जाता एकूण जागा लागते साधारण १२० ते १५० एकर. क्रिकेटचं मैदान तीन-चार एकरांत मावतं, यावरून अंदाज करा. एक फेरी पूर्ण करायला चार तास किंवा जास्तच लागतात.

आता एवढी जागा हिरवी ठेवायची म्हणजे काय? रोज पाणी, रोज कापणी, खत, औषधफवारणी, यंत्रं, माणसं. त्या दिवशी १० खेळाडू येवोत की १००, हा खर्च जवळपास तेवढाच. यालाच स्थिर खर्च म्हणतात.

दुसरी गोष्ट. सकाळी आठची वेळ रिकामी गेली तर ती संध्याकाळी विकता येत नाही. आपल्या एसटीसारखंच आहे बघा. गाडी रिकामी सुटली तरी डिझेल जळतंच, आणि त्या सीटचं तिकीट उद्या विकता येत नाही.

फळ्यावर मांडायचं गणित

हे उदाहरण काल्पनिक आहे, आकडे मुलांना सोपे जावेत असे घेतले आहेत.

समजा, एका गावात एकच मैदान आहे. रोजचा खर्च ५०,००० रुपये. फी माणशी १,००० रुपये. रोज ६० जण खेळायला येतात. कमाई ६०,०००, म्हणजे १०,००० रुपये नफा.

हा नफा पाहून शेजारी दुसरं मैदान निघालं. खेळणारे तेच ६०. आता प्रत्येक मैदानावर ३० जण. कमाई ३०,०००, खर्च ५०,०००. दोघांनाही रोज २०,००० रुपये तोटा.

इथे थांबून मुलांना विचारा : गावातले खेळाडू कमी झाले का? नाही. खेळ नावडता झाला का? नाही. मग तोटा कुठून आला? मुलं बरोबर उत्तर देतात.

अमेरिकेत नेमकं हेच झालं

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल गोल्फ फाउंडेशन या संस्थेनं मांडलं, की वाढती मागणी पुरवायची तर २००० सालापर्यंत रोज एक नवं मैदान बांधावं लागेल. बँका आणि बिल्डर कामाला लागले. १९९७ मध्ये २१ वर्षांच्या टायगर वूड्सनं मास्टर्स ही मोठी स्पर्धा तब्बल १२ फटक्यांच्या फरकानं जिंकली आणि उत्साहाला आणखी उधाण आलं.

पण खरी मेख वेगळीच होती. यातली बरीच मैदानं खेळाडूंसाठी बांधलीच नव्हती, ती घरं विकण्यासाठी बांधली होती. खिडकीतून हिरवळ दिसणारं घर जास्त किमतीला जायचं. घरं विकून झाली की बिल्डर मोकळा. दीडशे एकर हिरवळ रोज सांभाळायचं काम मात्र मागे राहायचं.

शिवाय टायगरला टीव्हीवर पाहणारे कोट्यवधी होते, पण पाहणारा प्रत्येक जण खेळायला येत नाही. गोल्फ महाग, शिकायला अवघड आणि वेळखाऊ. रविवारचे पाच तास घराबाहेर काढणं नोकरी करणाऱ्या आई-वडिलांना जमेना. वर्षातून एकदा तरी मैदानावर खेळलेले अमेरिकन २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत सुमारे ३ कोटी होते. पुढच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते २.४ कोटींच्या आसपास आले. म्हणजे आपल्या फळ्यावरच्या गणितात मैदानं दोन झाली आणि खेळाडूही ६० चे ४८ झाले!

२००६ पासून दरवर्षी नव्यानं सुरू होणाऱ्या मैदानांपेक्षा बंद पडणारी जास्त, असा क्रम लागला. २००८ च्या मंदीनं भर घातली. २०१६ मध्ये नायकीनं गोल्फच्या काठ्या आणि चेंडू बनवणं सोडून दिलं. २०१७ मध्ये आदिदासनं आपली टेलरमेड ही गोल्फ कंपनी विकून टाकली.

जपानमध्ये तर याआधीच मोठा फुगा फुटला होता. १९८० च्या दशकात तिथे क्लबची सदस्यत्वं शेअरसारखी विकली-घेतली जायची. काही नामांकित क्लबांचं सदस्यत्व घरापेक्षा महाग झालं होतं. १९९० नंतर भाव कोसळले आणि अनेक क्लब दिवाळखोरीत गेले. काही ओसाड मैदानांवर आज सौर पॅनेल उभे आहेत.

मग खेळ सावरला कसा?

२०२० मध्ये कोरोना आला. सिनेमागृहं, व्यायामशाळा बंद. गोल्फ मात्र मोकळ्या हवेत, एकमेकांपासून लांब राहून खेळता येणारा खेळ. घरून काम सुरू झाल्यानं मधल्या वारीही लोकांना वेळ मिळू लागला. त्या एका वर्षात अमेरिकेत ५० कोटींहून अधिक फेऱ्या खेळल्या गेल्या, आणि २०२३ मध्ये हा आकडा ५३ कोटींच्या आसपास होता. टॉपगोल्फसारख्या ठिकाणी तर मैदानाशिवाय, तासावर पैसे भरून, मित्रांसोबत नुसते चेंडू मारता येतात. तिथून काही नवे लोक मैदानाकडे वळले.

पण एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. २०२३ मध्येही मैदानावर खेळणारे २.६६ कोटीच होते, जुन्या ३ कोटींपेक्षा कमी. तरी मैदानं बरी चालली. कारण तोपर्यंत जास्तीची मैदानं बंद झाली होती आणि राहिलेल्यांवर गर्दी वाढली होती. फळ्यावरचं दुसरं मैदान पुसा, पहिल्याचा नफा परत येतो. तसंच हे.

चिंता संपलेली नाही. कोरड्या प्रदेशांत पाण्याचा प्रश्न तीव्र आहे. २०२२ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी निधीतून लिव्ह गोल्फ सुरू झालं आणि मोजक्या खेळाडूंना प्रचंड रकमा मिळाल्या. पण शंभर खेळाडू कोट्यधीश झाले म्हणजे खेळ सुदृढ झाला असं नाही. खेळाची तब्येत पाहायची तर सोमवारी सकाळी मैदानावर किती जण आहेत आणि त्यात नवशिके किती, हे पाहायचं.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. वरचं गणित मुलांकडून करून घ्या. फी कमी करून ८०० केली तर तोटा टाळायला किती खेळाडू लागतील? (उत्तर : ६३. ६२ जण आले तर ४०० रुपये कमी पडतात.)

२. स्थिर खर्च कुठे कुठे असतो, याची यादी करायला सांगा : एसटी, सिनेमागृह, पिठाची गिरणी, शाळा.

३. आता तालुक्याच्या गावीही तासावर भाड्यानं मिळणारे क्रिकेटचे टर्फ निघाले आहेत. मोठ्या मुलांना एका टर्फचे आठवड्यातले भरलेले आणि रिकामे तास मोजून तक्ता करायला सांगा.

हा तिसरा उपक्रम पालकांसाठीही आहे बरं का. शेजारच्याचा टर्फ जोरात चालतोय म्हणून कर्ज काढून दुसरा टाकण्याचा विचार कुणाच्या घरात असेल, तर आधी मुलांनी केलेला तो तक्ता बघा. शनिवार-रविवारची गर्दी सगळ्यांनाच दिसते, बँकेचा हप्ता मात्र मंगळवार दुपारच्या रिकाम्या तासांचाही भरावा लागतो.