पृथ्वीगोलावरील दोरा आणि विमानाची वेळ



काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलीची थोरली बहीण शिक्षणासाठी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाली. विमान उतरल्याची बातमी येईपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असे आजीने ठरवलेले. मुलीने पृथ्वीगोलावर दोरा ताणून अंतर काढले, सुमारे १२,४०० किलोमीटर. त्याला ताशी ९०० या वेगाने भागून तिने आजीला चौदा तासांचा अवधी सांगितला. चौदा तास सरले, तरी बातमी नाही! त्या घराची काय अवस्था झाली असेल, ते सांगावयास नको. विमान सुखरूप होते. चुकला होता तो हिशेब.

दोरा खोटा नव्हता. गोलावरील सर्वांत जवळची वाट तीच. पण ती तिबेट आणि सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावरून जाते. विमानातील हवेचा दाब बिघडल्यास त्याला तत्काळ सुमारे तीन हजार मीटरपर्यंत खाली यावे लागते. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर उंच! म्हणून वैमानिक ती वाट शक्यतो टाळतात. कधी एखाद्या देशाचे आकाशही बंद असते. २०१९ साली पाकिस्तानने काही महिने आपले आकाश बंद ठेवले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतात. ओहोटीबरोबर मांडवीतून समुद्राकडे निघालेली होडी आणि उलट येणारी होडी यांत जो फरक, तोच येथे. एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून सॅन फ्रान्सिस्कोला जाई. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी ते प्रथमच पूर्वेकडे वळून पॅसिफिकवरून गेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले. तरी प्रवास साडेचौदा तासांत संपला, म्हणजे सुमारे दोन तास वाचले. भागाकार केला तर वेग ताशी १,०५० किलोमीटरांच्या वर जातो. ती वरकड वाऱ्याची देणगी होय.

तिसरा घोटाळा घड्याळाचा. ते विमान रविवारी पहाटे चारच्या सुमारास दिल्लीहून निघाले आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरले, तेव्हा तेथे त्याच रविवारची सकाळ होती. घड्याळे पाहणाऱ्यास प्रवास दोन-अडीच तासांचाच वाटावा! कारण त्या ऋतूत तेथील घड्याळ आपल्या मागे साडेबारा तास असते.

तात्पर्य, अंतर मोजावे ते ज्ञानासाठी. वाट पाहावी ती वेळापत्रकावरून. त्यातील उतरण्याची वेळ तेथील घड्याळाची असते, ती आधी आपल्या घड्याळात आणावी आणि वर तास-दोन तास वाऱ्याच्या नावे सोडावेत. हे एवढे त्या मुलीला मी आधी शिकवले असते, तर आजी त्या रात्री उपाशी झोपली नसती.