कोशातला उन्हाळा

युरोपात शरद ऋतू आला की हेराल्ड नावाचा पतंग गुहेत शिरतो आणि हिवाळा तिथेच काढतो. आपल्याकडे, नागझिऱ्याच्या चोरखमारा बाजूच्या जंगलात, पतंगाला चुकवायचा असतो तो उन्हाळा. टसरचा पतंग त्यासाठी गुहा शोधत नाही, स्वतःच बांधतो.

ऐन किंवा अर्जुनाच्या पानांवर पोसलेली हिरवी, गलेलठ्ठ अळी आधी फांदीभोवती रेशमाचं कडं घट्ट आवळते. त्याला देठ काढते आणि देठाच्या टोकाला कोसा विणते. पानं गळून पडतात, कोसा मात्र फांदीवर लटकतच राहतो. कोंबडीच्या अंड्याएवढा, करडा-पिवळसर आणि बोटाने दाबला तरी न दबणारा! आत कोषावस्थेतला जीव वाढ थांबवून पडून असतो, महिनोन्‌महिने.

या कोशाला दार नसतं. पावसाळ्याच्या तोंडावर पतंग एक पाचक रस सोडतो, देठाकडची बाजू मऊ करतो आणि धागे बाजूला सारत बाहेर येतो, बहुधा संध्याकाळनंतर. त्याला खाता येत नाही, कारण कामाचं तोंडच नसतं. अळीपणी साठवलेल्या चरबीवर जेमतेम काही दिवस निघतात. नराच्या पिसांसारख्या मिशा अंधारात मादीचा गंध टिपतात.

धागा अखंड हवा म्हणून कोसे पतंग निघण्याआधीच उकळले जातात. आपल्या करवतकाठी साडीचं टसर असंच येतं. ती नेसताना त्या जिवाचीही आठवण ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं. फुटलेले कोसेही वाया जात नाहीत, त्यांचं सूत कातलं जातं.